योधाजीव : सैनिकाची उपजीविका आणि पालि वाङ्मय — मावळच्या संदर्भात

गेल्या वर्षावासात मावळातील एका गावच्या विहारात आम्ही संयुत्तनिकायातील काही सुत्तांचे वाचन केले. गामणि संयुत्तातील योधाजीव सुत्त वाचून झाले, अर्थ सांगून झाला, आणि उपासक-उपासिका उठण्याच्या बेतात असताना मागच्या रांगेत बसलेल्या एका वयस्क उपासिकेने विचारले, ''सर, माझा धाकटा भरतीला उतरलाय. रोज पहाटे चारला उठून पळतो. मग तो नरकात जाणार का?'' सभेत क्षणभर शांतता पसरली. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते घाईचे होते आणि आमचेच समाधान करणारे नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा सावकाशीने घेतलेला विचार आहे.

प्रश्नाचे दोन भाग आहेत. माणसे सैन्यात का जातात, हा पहिला. आणि अशा जाण्याकडे बुद्धवचन कोणत्या दृष्टीने पाहते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नीट न शोधता दुसऱ्याचे उत्तर देण्याची घाई धर्मोपदेशक नेहमीच करीत आले आहेत, आणि आम्हीही तीच केली होती.

मावळ हा प्रदेश या विचाराला फार सोयीचा आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखात 'मामाल' असा या भूभागाचा उल्लेख येतो. तेथील अमात्याला उद्देशून वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंसाठी करजिक गावाच्या दानाची आज्ञा त्यात कोरलेली आहे. त्याच मामालचे पुढे मावळ झाले आणि मावळ्यांचे नाव सैनिक या अर्थाने महाराष्ट्रभर रूढ झाले. भाजे लेण्यांच्या अंगणात उभे राहिले की डोक्यावर विसापूर आणि शेजारी लोहगड असतो. एकाच डोंगराच्या अंगावर खाली भिक्षूंचे निवास आणि वर शिबंदीचे तट. त्यांच्यामध्ये काळाचे अंतर शतकांचे आहे. परंतु लेणी कोरली जात होती तेव्हाही येथे शस्त्रधारी पुरुष अपरिचित नव्हते. भाज्याच्या एका विहाराच्या ओसरीतच शस्त्रे धारण केलेल्या पुरुषांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत.

दानलेख पाहिले तर हा संबंध अधिक स्पष्ट होतो. कार्ल्याच्या चैत्यासमोरचा सिंहस्तंभ हे गोतिपुत्र अग्निमित्रणक या महारठीचे दान आहे. भाज्याच्या एका पाण्याच्या टाक्यावर कोसिकीपुत्र विण्हुदत्त या महारठीचे नाव आहे. बेडसे येथे सामडिनिका नावाच्या महारठिनीचा, म्हणजे महारठी आपदेवणकाच्या पत्नीचा, लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षात सोमदेव नावाच्या महारठीने कार्ल्याच्या संघाला एक गाव दिले. 'महारठी' या पदाचा नेमका अर्थ काय, महारथी योद्धा की प्रांताधिकारी की एखाद्या कुळाचा प्रमुख, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि ते सत्ताधारी आणि बहुधा शस्त्रधारी वर्गाचे पद होते यात फारशी शंका उरत नाही. नाशिकच्या लेण्यांत तर संदिग्धतेला जागाच नाही. यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी भवगोप या महासेनापतीच्या पत्नीने, वासूने, अपुरे राहिलेले लेणे पूर्ण करवून संघाला अर्पण केले, आणि स्वतःचा उल्लेख तिने 'महासेनापतिनी' असाच कोरविला. संघाने हे दान स्वीकारले. दात्याने आधी शस्त्र खाली ठेवावे, अशी अट घातल्याचा मागमूस कोठे नाही.

येथे एक विषयांतर. अग्निमित्रणक, आपदेवणक या नावांतील अंत्य 'णक' आणि भीमा कोरेगावच्या स्तंभावरील महार सैनिकांच्या नावांतील अंत्य 'नाक' यांतील साम्य पाहून दोहोंमध्ये सरळ वंशपरंपरा जोडण्याचा मोह आमच्या विद्यार्थ्यांना वारंवार होतो. मध्ये सुमारे सतराशे वर्षे आहेत. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे, आणि आपल्या पूर्वजांची प्रतिष्ठा अशा साम्यावर अवलंबून नाही.

आता माणसे सैन्यात का जात होती ते पाहू. मावळची जमीन डोंगरउताराची, पाऊस अतोनात, आणि पीक मुख्यतः एकच, भाताचे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघणे ही आपण वीरश्रीची रीत मानतो, पण तिच्यामागे शेतीचे गणितही आहे. पाऊस सरला, भात कापणीला आले वा कापून झाले, की घरातील एकदोन पुरुषांच्या हातांना पुढचे सातआठ महिने पुरेसे काम नसे. ते हात मुलूखगिरीला जात आणि पावसाच्या तोंडावर पेरणीसाठी परत येत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची या गडांवर आणि त्यांच्या घेऱ्यात ज्यांना पहाऱ्याची नोकरी मिळे त्यांत मराठे, कोळी, रामोशी, महार अशा अनेक जातींचे लोक असत. मार्च 1818 मध्ये लोहगड व विसापूर इंग्रजांच्या हाती गेले, आणि गडावरची शिबंदी संपली तशी अनेक घरांची एक जोडमिळकतही संपली.

त्याच वर्षी 1 जानेवारीला कोरेगाव येथे कंपनीच्या मुंबई फौजेच्या तुकडीत महार सैनिक लढले, हे सर्वांस विदित आहे. ते पेशवाईविरुद्ध का लढले याची पुष्कळ चर्चा होते. त्यापेक्षा कमी चर्चा होते ती ते कंपनीच्या फौजेत मुळात का भरती झाले याची. गावात ज्याला वतनाच्या नावाखाली राबविले जाई आणि मोबदला म्हणून भाकरतुकडा मिळे, त्याला फौजेत दरमहा ठरलेला रोख पगार मिळत होता. त्याच्या हाती शस्त्र येत होते, अंगावर गणवेष येत होता, आणि हुद्द्याने त्याला सुभेदार म्हणणे कोणाला टाळता येत नव्हते. याहून महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची. फौजेत सैनिकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचे वडील मालोजीही सैन्यात होते आणि पत्नी भीमाबाई यांचे माहेरही सुभेदारांचे. ज्या काळी गावच्या शाळेचा उंबरठा अस्पृश्यांना बंद होता, त्या काळी लष्करी छावणीत त्यांच्या घरात पुस्तके होती. 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तो अशा घरात.

आणि पुढल्याच वर्षाच्या सुमारास, 1892 मध्ये, महारांची सैन्यभरती बंद झाली. लढाऊ आणि अलढाऊ अशी जातींची वर्गवारी करणाऱ्या लष्करी धोरणाचा तो परिणाम होता. त्यानंतर काय घडले ते आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलके आहे. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतीअर्ज सिद्ध केला. 1910 मध्ये पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांची ही भाषा नव्हती. हिरावून घेतलेली उपजीविका आणि तिच्याबरोबर गेलेला माणूसपणाचा दर्जा परत मागणाऱ्यांची ती भाषा होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. गरजेपुरते बोलवायचे आणि गरज संपली की घरी पाठवायचे, हा अनुभव एका समाजाने दोन पिढ्यांत दोनदा घेतला. बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, ती मात्र टिकली. आज तिच्यात देशभरातील नाना जातिधर्मांचे सैनिक असून तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. 'योधाजीव' हा शब्दच अर्थपूर्ण आहे. योध आणि आजीव. लढणे हीच ज्याची आजीविका आहे तो. अष्टांगिक मार्गातील 'सम्मा आजीव' यातला आजीव तो हाच. म्हणजे सैनिकाकडे पाहताना पालि वाङ्मय प्रथम त्याच्या शौर्याकडे किंवा क्रौर्याकडे पाहत नाही. तो पोट कशावर भरतो, याकडे पाहते.

दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात मगधराज अजातशत्रू भगवंतांना एक प्रश्न विचारतो. आपल्या प्रश्नाच्या ओघात तो निरनिराळ्या धंद्यांची यादी देतो. तिची सुरुवात गजारोही, अश्वारोही, रथी, धनुर्धर, निशाण वाहणारे, व्यूह रचणारे, ढाल घेऊन लढणारे अशा सैन्यातील लोकांपासून होते. आणि तीच यादी खंड न पडता स्वयंपाकी, न्हावी, माळी, परीट, विणकर, बुरूड, कुंभार, हिशेबनीस यांच्यापर्यंत जाते. हे सर्वजण आपापल्या कलेचे फळ याच जन्मी भोगतात, स्वतःला, आईवडिलांना, बायकामुलांना आणि मित्रांना सुखी करतात. श्रामण्याचे असे दृष्ट फळ कोणते, असा राजाचा प्रश्न आहे. माणसे सैन्यात का जातात याचे इतके सरळ उत्तर आम्हाला अन्यत्र आढळले नाही, आणि ते एका युद्धखोर, पितृघातकी राजाच्या तोंडी आहे हे विशेष. राजा देशभक्तीचे नाव घेत नाही, स्वर्गाचेही घेत नाही. सैनिक आणि कुंभार त्याने एका ओळीत बसविले, आणि दोघांचाही हेतू घर चालविणे हाच सांगितला.

याच दृष्टीला दुजोरा देणारे स्थळ अंगुत्तरनिकायात आहे. कोलियपुत्र दीघजाणूला गृहस्थाच्या सुखाचे उपाय सांगताना भगवंत उद्योगशीलतेचा उल्लेख करतात आणि उपजीविकेची उदाहरणे देतात : शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजसेवा किंवा अन्य एखादे शिल्प. 'इस्सत्थ' म्हणजे धनुर्विद्या येथे निषिद्ध म्हणून आलेली नाही. उलटपक्षी त्याच निकायात उपासकाने न करावयाचे जे पाच व्यापार सांगितले आहेत त्यांत शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार येतो. सैनिकाची नोकरी येत नाही. शस्त्र विकणे वर्ज्य आणि शस्त्र धारण करण्याची नोकरी त्या यादीत नाही, ही गोष्ट अनेकांना विसंगत वाटते. आमच्या मते येथे एक भेद सूचित आहे. शस्त्राचा व्यापारी कलह वाढण्यावरच जगतो. कलह शमला तर त्याचे दुकान बसते. पहाऱ्यावरच्या शिपायाचा पगार मात्र शांततेच्या दिवसांतही चालू राहतो. हा आमचा तर्क आहे. अट्ठकथेच्या माथी तो मारू नये.

याचा अर्थ बुद्धवचन सैनिकाला निर्दोष ठरविते असा घेतला तर ती फसवणूक होईल. योधाजीव सुत्त आहे तसेच वाचले पाहिजे. योद्ध्यांचा एक गामणी, म्हणजे प्रमुख, भगवंतांकडे येऊन विचारतो : रणांगणावर झुंजताना मेलेला योद्धा परजित (पाठभेदाने सरञ्जित) नावाच्या देवांमध्ये जन्म घेतो असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले आहेत, आपले म्हणणे काय? भगवंत दोनदा त्याला थांबवितात : हे मला विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते सांगतात की लढणाऱ्याचे चित्त आधीच हीन आणि विपरीत दिशेला लागलेले असते, हे जीव मारले जावोत, नष्ट होवोत अशा इच्छेने ते व्यापलेले असते. अशा चित्ताने मरणाऱ्याची गती दुर्गतीच होय. आणि रणात मेल्याने स्वर्ग मिळतो ही समजूत तर मिथ्यादृष्टीच आहे. हे ऐकून गामणी रडू लागतो. आपल्या बोलण्याने रडत नाही, असे तो म्हणतो. त्या पूर्वाचार्यांनी दीर्घकाळ आपल्याला फसविले, याचे त्याला रडू येते.

या सुत्ताचा रोख कोणावर आहे ते पाहावे. सैनिकाच्या पगारावर तो नाही. स्वर्गाचे आमिष दाखवून त्याला मरणाकडे पाठविणाऱ्यांवर तो आहे, आणि मारण्याच्या इच्छेवर आहे. युद्धातील मृत्यू हे स्वर्गाचे उघडे द्वार मानणारी परंपरा भगवद्गीतेतही आढळते. तथागतांनी ती स्वच्छ नाकारली. आणखी एक बारकावा सहसा निसटतो. याच संयुत्तात आधीच्या सुत्तात तालपुट नावाचा नट असाच प्रश्न विचारतो, असेच उत्तर ऐकतो, असाच रडतो, आणि प्रव्रज्या घेऊन अर्हत होतो. योद्ध्यांचा गामणी मात्र शरण जाऊन उपासक होतो. त्याने शस्त्र ठेवले की नाही, हे सुत्त सांगत नाही. वैशालीचा सिंह सेनापती उपासक झाला तेव्हाही तेच. भगवंतांनी त्याला नीट विचार करून निर्णय घेण्यास सांगितले, निगंठांना चाललेले अन्नदान बंद न करण्यास सांगितले; सेनापतिपद सोडण्यास सांगितल्याचा उल्लेख नाही. (पॉल केरस यांच्या 1894 च्या सुप्रसिद्ध इंग्रजी संकलनात सिंहाला न्याय्य युद्धाविषयी जो प्रदीर्घ उपदेश आढळतो तो पालि सुत्तात नाही. तो मराठीतही बुद्धवचन म्हणून उद्धृत होतो, म्हणून ही नोंद.)

विनयपिटकातील एक प्रसंग तर सैनिकांच्या मनात डोकावणारा आहे. बिंबिसाराच्या राज्याच्या सीमेवर गडबड झाली. सैन्य निघण्याच्या वेळी काही नामांकित योद्ध्यांच्या मनात आले की युद्धात रमून आपण पाप जोडतो आहोत. ते संघात जाऊन प्रव्रजित झाले. सेनाधिकारी संतापले. न्यायाधिकाऱ्यांनी प्रव्रज्या देणाऱ्यांस कठोर शिक्षा सांगितली. बिंबिसार भगवंतांकडे गेला, आणि राजभटाला, म्हणजे राजाच्या वेतनावरील सैनिकाला, प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. भिक्षूंनी सैन्य पाहावयास जाऊ नये, कामाशिवाय छावणीत राहू नये, युद्धाच्या कवायती पाहू नयेत, असे नियमही आहेत. संघ आणि सेना यांच्यामध्ये आखलेली ही सीमा दोन्ही बाजूंनी पाळावयाची होती : संघाने सेनेला आशीर्वाद द्यावयाचा नाही, आणि सेनेतील माणूस आश्रय म्हणून पळवावयाचाही नाही. त्या योद्ध्यांना जे वाटले ते चूक होते, असे मात्र भगवंत कोठे म्हणत नाहीत. पाणातिपाताच्या शीलाला सैनिकापुरता अपवाद कोठेही जोडलेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत जो भेद केला आहे, तो चेतनेलाच कर्म मानणाऱ्या परंपरेशी जुळणारा आहे. तरीही गरज होती की इच्छा, हे प्रत्यक्ष प्रसंगी त्या एका माणसालाच ठाऊक असते, आणि पुष्कळदा त्यालाही नसते.

आजच्या मावळात भरतीला उतरणारा मुलगा या चौकटीत कोठे बसतो? लोणावळ्यास आय.एन.एस. शिवाजी ही नौदलाची संस्था 1945 पासून आहे. तेथे नौदलाचे अधिकारी व खलाशी सागरी अभियांत्रिकी शिकतात : यंत्रे, टर्बाइने, जहाजावरील आग विझविणे, जहाजात शिरलेले पाणी रोखणे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर डोंगरात बसून जहाजाची यंत्रे शिकणाऱ्या या मुलांना पालितील 'सिप्प' हाच शब्द लागू पडतो. त्यांतील पुष्कळजण नौदलात आले ते एक विद्या पगारासह शिकावयास मिळते म्हणून. तळेगावला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे. मावळच्या वेशीवरील देहूरोड ही तर छावणीच. दारूगोळ्याची आणि लष्करी सामानाची कोठारे तेथे आहेत, आणि त्याच छावणीच्या गावी 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. या परिसरात गणवेष हे रोजचे दृश्य आहे. मुलगा लहानपणापासून पाहतो की गणवेषातल्या माणसाचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, त्याचे घर पक्के होते, आणि बँकेत त्याला कोणी ताटकळत ठेवीत नाही. जमीन द्रुतगती मार्गाला, धरणाला, बंगल्यांना गेली. कारखान्यात कंत्राटाचे काम मिळते, ते केव्हा सुटेल याचा नेम नाही. पहाटे सोळाशे मीटर पळणाऱ्या मुलाला युद्ध हवे आहे असे आम्हाला वाटत नाही. त्याला जे हवे आहे ते अजातशत्रूने सांगून ठेवले आहे.

मात्र ज्या स्थैर्यासाठी तो पळतो आहे त्याचे स्वरूप बदलले आहे. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार सैनिकपदाची भरती चार वर्षांसाठी होते. पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपयांपासून वेतन, अखेरीस सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी, आणि त्यांतील कमाल 25 टक्क्यांना पुढे कायम सेवा. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. योजनेच्या लष्करी बाजूविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण निवृत्तिवेतन हेच ज्या नोकरीचे गावातले मुख्य आकर्षण होते, तेथे मुलांनी आणि पालकांनी हा हिशेब भरतीच्या आधी मांडावा. 1892 आणि पहिल्या महायुद्धानंतरची वर्षे ज्या घरांच्या स्मृतीत आहेत त्यांना तो मांडणे अवघड जाऊ नये.

वर्षावास संपल्यावर आम्ही त्या उपासिकेला भेटलो आणि येथे लिहिले त्याचा सारांश सांगितला : पगारासाठी सैन्यात जाणाऱ्याला भगवंतांनी नरकवासी म्हटलेले नाही, मारण्याच्या इच्छेने भरलेल्या चित्ताविषयी ते बोलले आहेत, ते चित्त गणवेषाशिवायही असू शकते, आणि गणवेषात ते येण्याचा धोका अधिक, हेही खरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ''त्याला हे मी सांगून पटायचं नाही, सर. सुट्टीला आला की तुम्हीच सांगा.'' मुलगा लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता; मैदानी चाचणी व्हावयाची होती. योधाजीव सुत्ताचा मराठी अनुवाद त्यांनी मागितला, तो आम्ही दिला, आणि सोबत सामञ्ञफल सुत्तातील त्या यादीचाही.